भिंतीची घरपट्टी

आमच्या घराच्या तीन भिंती पऱ्हाटीच्या होत्या आणि एक विटांची. कापूस वेचून झाला की वावरात जी वाळलेली झाडं उभी राहतात ती पऱ्हाटी. ती उपटून आणायची, उभी बांधायची, दोन्ही अंगांनी शेणामातीचा गिलावा द्यायचा, की झाला कूड. दर उन्हाळ्यात कुजलेल्या काड्या काढून नव्या घालायच्या आणि सगळं पुन्हा लिंपायचं. हे काम बायकांचं. आमच्या वस्तीतल्या बायका उन्हाळ्यात एकमेकींना भेटल्या की तब्येत विचारत नसत, "झाला काय वं तुहा कूड?" असं विचारत. तिन्ही बाजूंनी असा कूड आणि चौथीकडे मात्र विटा, सिमेंट आणि वर निळा ऑइलपेंट. ती भिंत बाबांनी बांधली होती.

बाबा गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. कामावर ज्या फुटक्या, अर्ध्या विटा फेकून देतात त्या ठेकेदाराला विचारून ते सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे. सिमेंट विकतचं. रंगाचा डबा बोरी अरबच्या बाजारातून आणला, त्या दिवशी मी सायकलच्या नळीवर बसून सोबत गेले होते, म्हणून मला तो रंग अजून डोळ्यांपुढे दिसतो. भिंत बांधायचं कारण होतं वाळवी. आमच्या वस्तीत घरोघर ज्या दोन तसबिरी असतात त्या आमच्याकडेही होत्या, कोणत्या ते सांगायला नको. एका पावसाळ्यानंतर आई त्या पुसायला गेली तर मागचा पुठ्ठा कुडातल्या वाळवीने खाल्लेला, हात लावला की भुगा. आई त्या दिवशी जेवली नाही. बाबा म्हणाले, "पह्यले त्याईले भिंत. आपलं मंग पाहू." नव्या तसबिरी आणल्या आणि भिंत उभी राहीपर्यंत त्या पेटीतच ठेवल्या.

अशी एखादी तरी धड भिंत असावी ही आमच्या वस्तीची रीतच होती. ज्याला जमेल तो आधी ती बांधायचा, स्वतःच्या छपराची कवेलं गळकी असली तरी. पाहुणा आला की त्याला त्या भिंतीकडे तोंड करून बसवायचं. तिच्याकडे पाठ करून बसणं बरं दिसत नसे. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या माणसाला आमच्या घरातली सगळ्यात चांगली गोष्टच आधी दिसायची आणि बाकीचं घर त्याच्या पाठीमागे राहायचं.

बाबांचा बेत असा होता की दर दोन-तीन वर्षांनी एकेक भिंत करायची. पण दुसऱ्या भिंतीपुरत्या विटा जमल्याही नव्हत्या, तोच त्यांना कावीळ झाली. गावठी औषधात दिवस गेले आणि दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर आईलाच रागावले. बाबा गेले. मी एकटीच लेक, मला भाऊ नाही. त्यानंतर तीन भिंतींचा कूड दर उन्हाळ्यात आई आणि मी मिळून करू लागलो.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आले तेव्हा आईची कंबर गेली होती. वाकली की सरळ होताना तिच्या तोंडातून शब्दच निघत नसे. एकदा गिलाव्याच्या मातीतच बसून राहिली आणि म्हणाली, "माय, पुढच्या साली मले कूड नाही होत." मला स्थळं येत होती. वणीकडचं एक जवळजवळ ठरल्यातच जमा होतं, मुलगा कोळशाच्या ट्रकवर होता. मी गेल्यावर आईचं काय, हा प्रश्न घरात सतत बसून असायचा. नातेवाईक म्हणायचे, लेकीकडे राहील. आई ते ऐकलं की उठून चुलीकडे जायची. जावयाच्या दारात म्हातारपण काढायचं नाही, एवढंच तिचं मागणं होतं. आपल्या गावात, आपल्या वस्तीत, दरवर्षी लिंपावं लागणार नाही अशा चार भिंती. तेवढ्यासाठी सरकारी घरकुल मिळावं, दुसरं तिला काहीही नको होतं.

ते कापसाचे वाईट दिवस होते. ज्यांच्या वावरात आई वेचायला जायची त्यांच्याच घरात कापूस छताला टेकला होता आणि भाव नव्हता. ते मजुरी कमी करायचे, मग उद्यावर टाकायचे, मग रस्त्यात दिसलं तर तोंड चुकवायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्या घरच्या बायकांचे चेहरे पाहिले की तो गिळावाही लागायचा. गावात गाड्या यायच्या, साहेब लोक उतरायचे, कुणाच्या नावावर किती वावर आहे हे विचारून जायचे. आमच्या नावावर वावर नव्हतं, म्हणून त्या गाड्या आमच्या वस्तीच्या तोंडाशीच वळायच्या. पेरणाऱ्याचं संकट निदान विचारलं तरी जात होतं. वेचणारीचं संकट कोणत्या खात्यात येतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग घरोघरचा सर्व्हे आला. कोण गरीब आणि कोण नाही हे ठरवायचं होतं, आणि घरकुल त्यावरूनच मिळणार होतं. आमच्या वस्तीत सर्व्हे करायला शाळेतले गुरुजी येणार होते. मला चौथीला शिकवलेले, भला माणूस. आईने सकाळीच घर सारवलं, उंबरठ्यावर चुन्याची रेघ ओढली, शेजारून खुर्ची मागून आणली आणि ती रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून ठेवली. गुरुजी आले, तसबिरींना हात जोडले आणि खुर्चीत बसले. आईने चहा दिला. चहात दूध होतं. ते कुठून आणलं मी विचारलं नाही.

गुरुजी कागद मांडीवर घेऊन विचारू लागले. वावर नाही, हे त्यांना माहीतच होतं. मग म्हणाले, "घरात माणशी कपडे किती असतील?"

आईने पदर नीट केला. "हायेत की गुरुजी. लुगडी चार-पाच हायेत. पोरीले कॉलेजात जा लागते, तिचे येगळे. फाटकं नाही नेसत आम्ही."

"दोन वक्त जेवण होते ना?"

"असं काहून इचारून राह्यले तुम्ही? उपाशी दिसतो काय आम्ही तुमाले?"

त्या महिन्यात कितीतरी संध्याकाळी आम्ही काळ्या चहावर झोपलो होतो. पण घरी आलेल्या माणसाला हे सांगायचं नसतं. तो आपल्या घरी चहा पितोय, त्याला काय म्हणून सांगायचं की बाबा, आमच्या घरी खायला नाही? गुरुजींनी मान हलवली आणि लिहिलं. घरात सगळ्यात जास्त शिकलेलं कोण, असं विचारलं तेव्हा आईचा चेहरा असा खुलला की मलाच लाज वाटली. "माही पोरगी. बी. ए. ले हाय. तुम्हीच तं शिकवली."

शेवटी घर. गुरुजींनी मान वर केली आणि समोर निळी भिंत होती. ते उठले, तिच्यावर हात ठेवला, बोटाने ठोकून पाहिलं. "पक्कं काम आहे," ते म्हणाले.

"माह्या मालकानं बांधली," आई म्हणाली. "माल चांगला लावला गुरुजी. नुसती रेती नाही कालवली." गुरुजींनी तेही लिहिलं. आई त्यांना पोचवायला वस्तीच्या तोंडापर्यंत गेली आणि परत येऊन म्हणाली, "चांगलं झालं. घर सारवलेलं होतं." मलाही चांगलंच झालं असं वाटलं. आम्ही दोघी खूश होतो.

प्रत्येक उत्तराला मार्क होते, हे आम्हाला मागाहून कळलं. कपडे जास्त तर मार्क जास्त, दोन वेळा जेवत असाल तर जास्त, घरात कोणी शिकलेलं असेल तर जास्त, भिंत पक्की तर जास्त. आणि मार्क जास्त म्हणजे नापास. ज्याला कमी पडले तो गरीब. शाळेत आयुष्यभर मला उलटं शिकवलं होतं, त्याच गुरुजींनी. गावात काही हुशार होते. एका घरात दोन भावांनी सर्व्हेच्या आदल्या दिवशी गोठ्यात दुसरी चूल मांडली आणि एकाचे दोन संसार दाखवले. त्यांना सर्व्हे आणि पाहुणा यांतला फरक कळत होता. आमच्या वस्तीला तो कळला नाही. ज्या ज्या घरात तसबिरींची भिंत होती ती सगळी घरं धडाधड नापास झाली.

शाळेच्या ओट्यावर यादी वाचली तेव्हा आई पहिल्या रांगेत बसली होती. नाव आलं नाही तर तिला वाटलं, दुसरा कागद असेल. लोक उठून गेले, सतरंजी गुंडाळली तरी ती बसलेलीच. मी हात धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. वाईट माणूस असता तर मला फार सोपं गेलं असतं. त्याने कागद काढून नीट समजावलं. "मावशी, दोन मार्कांनी राह्यलं तुमचं."

दोन मार्कांनी माझी आई गरीब व्हायची राहिली होती. मी विचारलं, कोणते दोन. तो म्हणाला तसं सांगता येत नाही, सगळ्यांची बेरीज असते. पण मग त्याने घरपट्टीचं रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवलं. तिथे आमच्या घरापुढे मिश्र बांधकाम लिहिलं होतं. मातीच्या घराला पट्टी कमी असते, विटांच्या घराला जास्त, आमची मधली. बाबा असताना मोजणीला माणूस आला होता आणि त्याने भिंती मातीच्या का, असं विचारलं होतं. बाबांनी छाती काढून सांगितलं होतं, तीन मातीच्या, एक विटांची. तेव्हापासून ते जास्तीची पट्टी भरायचे आणि पावती तसबिरीमागे खोचून ठेवायचे. पंचायतीने आपली भिंत लिहून घेतली याचा त्यांना अभिमान होता.

"इथंबी पक्की भिंत, सर्व्हेतबी पक्की भिंत," ग्रामसेवक म्हणाला. "दोन्हीकडं मेळ बसते, म्हणून वरून कोणी ऐकत नाही." मग आईचा चेहरा पाहून त्याला वाईट वाटलं असावं. तो रजिस्टर मिटता मिटता म्हणाला, "ते एक भिंत नसती ना मावशी, तं तुमचं नाव बसलं असतं."

माणूस सांत्वनाला जसं काहीबाही बोलतो तसं तो बोलला. रस्त्याने आई मान खाली घालून पुढे चालत राहिली. मला वाटलं, नाराज आहे. पण ती विचार करत होती. त्या बोलण्यात तिला सांत्वन ऐकूच आलं नव्हतं. सरकारच्या माणसाने काय करायचं ते सांगितलं, असं तिने धरलं.

पुढचे काही दिवस ती भिंतीकडे नुसती बघायची. भाकरी थापताना बघायची, केस विंचरताना बघायची. मग एका सकाळी तिने दोन्ही तसबिरी उतरवल्या, स्वच्छ लुगड्यात गुंडाळल्या आणि शेजारून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली.

मी तिच्या हाताला धरलं. "आई, तो बोलायचं म्हणून बोलला. त्यानं पाडा असं नाही म्हटलं."

"नसती तं नाव बसलं असतं, म्हटलं ना?"

"म्हटलं, पण..."

"मंग नाही ठेवत."

"बाबांनी बांधली ती."

यावर ती माझ्याकडे वळली. "तुह्या बापानं भिंत नव्हती बांधली. घर बांधाले घेतलं होतं त्यानं. मी आता तेच करून राह्यली." मला तिचं म्हणणं पटलं नाही आणि खोडताही येईना. मी सब्बल सोडली नाही, तीही सोडेना. आम्ही दोघी वेड्यासारख्या दारात ओढाताण करत उभ्या होतो, आणि आवाज ऐकून शेजारच्या बायका जमल्या.

त्यांच्यापैकी कोणीच पुढे होईना. ज्या भिंतीवर त्या तसबिरी होत्या तिच्यावर सब्बल कोण चालवणार? वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई शेवटी म्हणाली, "असं नाही. पह्यले वंदना घ्या." म्हणून आम्ही सगळ्या त्या रिकाम्या निळ्या भिंतीसमोर हात जोडून उभ्या राहिलो आणि त्रिशरण म्हटलं. तसबिरींच्या जागी दोन फिक्या चौकटी उरल्या होत्या, आम्ही त्यांच्याकडे बघत होतो. बाबा गेले तेव्हाही हेच म्हटलं होतं.

पहिला घाव आईनेच घातला. रंगाचा पापुद्रा उडाला, आत सिमेंट तसंच. दुसरा, तिसरा, भिंत हलेना. आमच्या तिन्ही कुडांतून आरपार बोट जायचं आणि ही एक भिंत सब्बलीला दाद देईना. आई घामाने निथळली आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडली, "एवढं सिमेंट कायले लावलं वं ह्या माणसानं!" बायका हसल्या, आईही हसली, आणि हसता हसताच तिथे विटांवर बसून रडायला लागली. मग मी सब्बल घेतली. मग एकेक करून सगळ्यांनी घेतली. दुपार कलली तेव्हा जोत्यावर विटांची एक ओळ तेवढी उरली. ती निघेचना, म्हणून तशीच ठेवली.

विटा आईने विहाराच्या ओट्याला देऊन टाकल्या. वस्तीतल्या पोरांनी त्या वाहून नेल्या. भिंतीच्या जागी आम्ही पऱ्हाटीचा कूड घातला आणि लिंपला, आईच्या कमरेने जेवढा होऊ दिला तेवढा. आता आमच्या घराच्या चारही भिंती सारख्या होत्या. आई हात धुऊन तशीच ग्रामपंचायतीत गेली, मी मागून.

"पाडली साहेब," ती म्हणाली.

"काय पाडली?"

"भिंत."

त्या माणसाने चष्मा काढला. "कोणं सांगतलं तुमाले पाडाले?"

"तुम्हीच तं."

मग मात्र त्याने धावपळ केली, हे कबूल करायला हवं. तालुक्याला दोनदा गेला, अर्ज लिहिला, एका साहेबांना गाडीवर बसवून आमच्या दारापर्यंत घेऊन आला. या वेळी आईने खुर्ची मागितली नाही. साहेबांनी चारही बाजूंनी कूड पाहिला, आढ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. घर कच्चं आहे हे त्यांना मान्य होतं. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मलाही क्षणभर वाटलं की झालं.

"पण बाई," ते म्हणाले, "सर्व्हेच्या दिवशी जे होतं तेच धरतात. आज काय आहे ते पुढच्या सर्व्हेत धरतील."

"पुढचा कवा होते?"

"ते वरून येईल तेव्हा."

मी विचारलं की निदान घरपट्टी तरी कमी होईल का. ग्रामसेवक जमिनीकडे बघत म्हणाला, तीही फेरआकारणी होईपर्यंत तशीच राहते, ती काही वर्षांनी एकदा होते. तोवर रजिस्टरला भिंत आहे.

आईने ते नीट समजून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "म्हंजे घरकुलाले भिंत हाय, पट्टीलेबी भिंत हाय. माह्याच घरात तेवढी नाही." साहेब गाडीवर बसले. त्यांना दुसऱ्या गावाला जायचं होतं.

माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. पावसाळा लागला तेव्हा मी वणीला होते, धुतलेल्या कपड्यांवर कोळशाची काळी पूड कशी बसते ते शिकत होते. आमच्या गावाकडचा एक ड्रायव्हर नवऱ्याच्या ओळखीचा होता, त्याच्याकडून निरोप आला की घर पडलं. भिंतीच्या जागचा नवा कूडच आधी गेला. तो मुरायला एक उन्हाळा तरी लागतो आणि आम्ही तो घाईत घातला होता. त्याच्यावरची कवेलं आली, मग आढं आलं. आई वाचली, कारण ती तेव्हा पाणी भरायला गेली होती. मी पोचले तेव्हा ती विहाराच्या ओट्यावर बसली होती, आमच्याच विटांवर, आणि मांडीवर लुगड्यात गुंडाळलेल्या त्या दोन तसबिरी होत्या.

"चल," मी म्हटलं.

ती उठली नाही. वस्तीतल्या बायकांनी समजावलं, तिला घर उभं करता येणार नव्हतं आणि त्यांच्या घरात जागा नव्हती. शेवटी ती चालायला लागली. गाडीत खिडकीशी बसली आणि यवतमाळ येईपर्यंत रडली. मी तिला गप्प केलं नाही.

माझ्या सासरचे तिला कधी वावगं बोलले नाहीत. मी हे त्यांच्यासाठी लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला भलतंच वाटेल. पण ती पाच-सहा वर्षं आमच्याकडे दाराजवळच बसली. पंखा लावू का, असं विचारायची. सगळ्यांचं झाल्यावर जेवायची आणि कोणी सांगायच्या आधी भांडी घासायला बसायची. नवरा घरी आला की उठून मागच्या अंगणात जायची. मी चिडायचे, "आई, हे तुहं घर हाय." ती म्हणायची, "हाव," आणि तिथेच बसायची. तसबिरी तिने पेटीतच ठेवल्या. आमच्या घरात त्या आधीपासून होत्या, दुसऱ्या कुठे लावणार?

एका गोष्टीसाठी मात्र ती हट्ट करायची. मार्च आला की घरपट्टी भरायला गावी न्यायचं. मी म्हणायचे, पडलेल्या घराची पट्टी कसली भरतेस? ती ऐकायची नाही. पट्टी भरली नाही तर जागा जाईल, अशी तिला भीती होती. जागा असेल तर पुढच्या सर्व्हेत घरकुल येईल. अजून तिला तेच हवं होतं. म्हणून आम्ही दोघी दरवर्षी वणीहून निघायचो आणि नसलेल्या भिंतीसकट नसलेल्या घराची पट्टी भरून यायचो.

अशाच एका खेपेला पंचायतीत नवा ग्रामसेवक होता, तरणा, आमच्या माहितीचा नाही. फेरआकारणी सुरू होती. तो स्वतः आमच्यासोबत जागेवर आला. तिथे काय होतं? गवत, चुलीचे दोन दगड आणि जोत्यावरची ती विटांची ओळ, कडेला अजून निळा रंग. त्याने रजिस्टर पाहिलं, जमीन पाहिली आणि हसलाच. "मावशी, कायची पट्टी भरून राह्यले तुम्ही? इथं तं काहीच नाही." मग गंभीर झाला आणि त्याने सगळं उलगडून सांगितलं. तो आजच भिंत काढून टाकेल. नुसती मोकळी जागा, बेघर, असं लावेल. नवा सर्व्हे येणार असं चाललंय, त्यात विधवा, बेघर, जागा स्वतःची, नाव बसायलाच पाहिजे. "फक्त इथं अंगठा द्या," तो म्हणाला.

मी आईचा दंड धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आमच्या बाजूने हिशेब केला होता. मला तर तिथल्या तिथे चार भिंती दिसायला लागल्या, त्यांत आई दाराजवळ नाही, मधोमध बसलेली.

आई त्या विटांच्या ओळीकडे बघत होती. मग म्हणाली, "भिंत काढा लागन काय?"

"काढाच लागते मावशी. भिंत ठेवली तं बेघर कसं लिहू?"

"मंग राहू द्या."

त्याला कळलं नाही. मला कळलं आणि मी भडकले. त्या परक्या माणसासमोर मी तिला नाही नाही ते बोलले. तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं, तुझ्यापायी मी दरवर्षी कोणाकोणाचं ऐकून घेते, आणि आता हातात आलेलं घर तू चार अक्षरांसाठी सोडतेस? "तुले तुह्या घरात मराचं नाही काय?"

"मराचं हाय वं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पण एकडाव पाडली म्या. माह्या हातानं पाडली. आता तेवढीच राह्यली हाय त्याची, ह्याईच्या वहीत. ते नाही पाडत मी."

ग्रामसेवकाने माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा तिचा राग आला होता आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही. तिने कमरेची पिशवी सोडली, घरपट्टी भरली, पावतीची घडी घालून पिशवीत ठेवली. मग आम्ही फाट्यावर येऊन उभ्या राहिलो. गाडी आली. आम्ही दोघी तिच्यात बसलो आणि जिथे तिला राहायचं नव्हतं तिथे परत गेलो.